सशाचा डोळा वाहतोय? आधी दात बघा

सशाच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. कपाटातली थेंबांची बाटली निघते, किंवा मेडिकलमधून एखादी आणली जाते. दोन-तीन दिवस थेंब घातले की डोळा जरा सुकतो. थेंब थांबले की पुन्हा वाहायला लागतो. मग दुसरी बाटली येते. ससा मात्र हळूहळू वाळत जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही की तो गवत कमी खातोय, पाव मात्र आवडीने खातोय.

कोकणात ससे पाळणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. सशाच्या डोळ्यात जे दिसतं त्याचं मूळ बऱ्याचदा डोळ्याबाहेर असतं. कधी दातात, कधी पिंजऱ्यातल्या हवेत, कधी कानात, अगदी छातीतसुद्धा. ते मूळ शोधल्याशिवाय नुसते थेंब घालत राहणं म्हणजे फुकट गेलेले दिवस, आणि सशाकडे फुकट घालवायला दिवस नसतात.

आधी हा डोळा कसा असतो ते बघू. ससा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जरा वर बसवलेले असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते फक्त नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं. तोंडाशी धरलेलं गवत तो ओठांनी आणि मिशांनी ओळखतो. डोळे असे बाहेर आलेले असल्यामुळे त्यांना इजाही पटकन होते. समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सशात अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. त्यात ससा पापणी फार कमी लववतो, तासाला साधारण दहा-बारा वेळा. आपण मिनिटाला त्याहून जास्त वेळा लववतो. धूळ, बारीक काडी, गवताचं कुसळ त्याच्या डोळ्यात गेलं की ते लगेच धुऊन निघत नाही.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक तिसरी पापणीही असते. ससा आजारी किंवा गुंगीत असेल तर ती पांढुरकी किंवा गुलाबी पट्टी होऊन दिसते. तिच्याजवळची ग्रंथी सुजली की कोपऱ्यात लालसर गोळा वर येतो. ते प्रकरण डॉक्टरांनी बघायचं, बोटाने आत ढकलायचं नाही. आणि पांढऱ्याशुभ्र सशांचे डोळे लाल दिसतात तो आजार मुळीच नव्हे. त्यांच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं, आतल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग दिसतो. या सशांना प्रखर प्रकाश मात्र सोसत नाही. अशा पांढऱ्या सशांच्याच डोळ्यांत रसायनं घालून ती किती झोंबतात हे बघायची चाचणी अमेरिकेत जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली रूढ केली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. ही बंदी आली याचं मला मनापासून बरं वाटतं.

आता मुख्य मुद्दा, दात.

सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. रानात हे झिजायची सोय आपोआप होते, कारण ससा दिवसाचे कित्येक तास गवत चघळत असतो. खालचा जबडा आडवा फिरतो, दाढा एकमेकींवर घासतात, वाढ आणि झीज यांचा मेळ बसतो. पण बिस्कीट, पाव, भात, चपातीचा तुकडा, दुकानातलं दाण्यांचं खाद्य यांना असं चघळावं लागत नाही. दाढा झिजत नाहीत. वर वाढायला जागा उरली नाही की दाब मुळांकडे जातो आणि मुळं उलट्या दिशेने, हाडात आत सरकतात.

वरच्या दाढांची मुळं सशात थेट डोळ्याच्या खोबणीखाली असतात. शिवाय डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी अश्रुनलिका याच भागातून जाते. आपल्या प्रत्येक डोळ्याला पाणी जायला दोन बारीक भोकं असतात, वरच्या आणि खालच्या पापणीत एकेक. सशाला एकच, खालच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात. तिथून निघालेली नळी आधी दाढांच्या मुळांजवळ वळते, मग पटाशीच्या मुळाजवळ पुन्हा वळते आणि दोन्ही वळणांवर अरुंद होते. मूळ जरा वाढलं की नळी दबते. पावसाळ्यात पन्हळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीवरून ओघळतं, तसंच हे. पाणी जास्त तयार होतंय म्हणून डोळा वाहत नाही, खालची वाट बंद झाल्यामुळे वाहतो. साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि मग पाण्याच्या जागी दुधासारखं पांढरं, घट्ट चिपड येऊ लागतं. अशा वेळी खालच्या पापणीच्या कोपऱ्यावर हलकं दाबलं तर त्या बारीक भोकातून पू वर येताना दिसतो.

हे घरी ओळखायच्या काही खुणा आहेत. डोळ्याखालचे केस ओले होऊन चिकटतात, नंतर झडतात आणि त्वचा लाल होते. सशाचे पुढचे पाय उचलून त्यांची आतली बाजू बघा. ससा तोंड पुढच्या पायांनी पुसतो, त्यामुळे डोळा किंवा नाक वाहत असेल तर तिथले केस चिकटून त्यांच्या कडक बटा झालेल्या असतात. चेहरा स्वच्छ दिसत असतानाही हे पाय खरं काय ते सांगतात. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवा, एखादा उंचवटा लागतो का. वरचा ओठ उचलून पटाशी सरळ आहेत का ते पाहा. ससा गवत तोंडात घेऊन टाकून देतो का, हनुवटी लाळेने ओली आहे का, लेंड्या लहान झाल्यात का, हेही बघा. दाढा मात्र घरी दिसत नाहीत. त्यासाठी डॉक्टर तोंडात उपकरण घालून बघतात, आणि मुळांची खरी स्थिती एक्स-रेतच कळते.

नळी तुंबली असेल तर डॉक्टर डोळ्यात भूल देणारे थेंब घालून त्या एकुलत्या एका भोकात बारीक, बोथट नळी सरकवतात आणि सलाइनने धुतात. वाट मोकळी झाली की सलाइन नाकपुडीतून बाहेर येतं, सोबत पांढरा पूही. हे एकदा करून भागेलच असं नाही, काही दिवसांनी पुन्हा करावं लागतं. जंतू कोणते आहेत ते तपासून औषध निवडलं तर उत्तम. दातांचं मूळ वाढलेलं असेल तर डोळा पुन्हा पुन्हा तुंबणार, हे आधीच समजून घ्या. मूळ परत जागेवर जात नाही. वाढ आटोक्यात ठेवणं, दाढांची टोकं ठरावीक काळाने घासून घेणं आणि गवतावर आणणं हाच पुढचा रस्ता.

गवताचं म्हणाल तर कोकणासारखी जागा नाही. जूनपासून दिवाळीपर्यंत परसात, बांधावर, सड्यावर (म्हणजे कातळाच्या पठारावर) हिरवं गवत फुकट उभं असतं. हरळी, हत्तीगवत, मक्याची पानं, सगळं चालतं. फवारणी झालेल्या बागेतलं किंवा रस्त्याच्या कडेचं तेवढं नको. दिवाळीच्या सुमारास, कुसळं यायच्या आत गवत कापून, खणखणीत वाळवून, कोरड्या माळ्यावर ठेवलं तर उन्हाळाभर पुरतं. भाताच्या पेंढ्यात पोषण फार कमी असतं, आणि मळणीतली धूळ असते ती वेगळी. अंथरायला चालेल, पोट भरायला नाही. सशाच्या खाण्यात गवत सगळ्यात जास्त हवं, मग थोडा पाला आणि फळ-गाजर अगदी चवीपुरतं. हे एवढं पाळलं तर डोळ्यांच्या तक्रारींतला मोठा वाटा आधीच टळतो. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं तेव्हा पोरं प्रेमाने सशाला पाव आणि करंजी भरवतात. त्यांच्या हातात हरळीची जुडी द्या, त्यांनाही तेवढीच मजा येते.

दातांचंच दुखणं पुढे गेलं की मुळाशी गळू होतं. सशाचा पू घट्ट असतो, वाहून जात नाही, त्यामुळे गळू फोडून धुतलं की झालं, असं इथे होत नाही. ते डोळ्यामागे झालं तर डोळा बाहेर ढकलला जातो, पापणी पूर्ण मिटत नाही, कॉर्निया सुकू लागतो. एकच डोळा पुढे आलेला दिसला तर पहिला संशय या गळवाचा घ्यावा. दोन्ही डोळे सारखेच पुढे आले असतील तर गोष्ट वेगळी. घाबरलेल्या सशाचे डोळे काही काळ असे दिसतात, कारण डोळ्यांमागे शिरांचं मोठं जाळं असतं आणि ते रक्ताने फुगतं. पण ससा शांत असतानाही दोन्ही डोळे फुगलेले राहत असतील, आणि डोकं खाली झालं की जास्तच फुगत असतील, तर छातीत गाठ असण्याची शक्यता असते. गाठीमुळे डोक्याकडून परत येणारं रक्त अडतं. म्हणून तिथे छातीचा एक्स-रे काढतात.

दुसरं मोठं कारण हवा. आपल्याकडे पावसाळ्यात पिंजरा पडवीच्या आतल्या कोपऱ्यात सरकतो, वर ताडपत्री येते आणि चार महिने तिथे वारा खेळत नाही. सशाच्या मुतात अमोनिया तयार होतो, दमट हवेत अंथरूण सुकत नाही, आणि हा वायू जमिनीलगत, म्हणजे बरोबर सशाच्या नाकाडोळ्यांच्या उंचीवर साठतो. तो डोळ्यांची आणि नाकाची आतली त्वचा जाळतो. त्या जळलेल्या जागेत पाश्चुरेला, स्टॅफिलोकोकस यांसारखे जंतू घर करतात, मग डोळे लाल होतात, शिंका सुरू होतात. उभं राहून वास येत नाही म्हणून हवा चांगली आहे असं धरू नका. पिंजऱ्यासमोर बसा, चेहरा सशाच्या पातळीला न्या आणि श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर त्याचे केव्हापासून चुरचुरत असतील याचा विचार करा. पावसाळ्यात अंथरूण रोज बदलायला हवं. लाकडाचा बारीक भुसा, बुरशी धरलेला पेंढा, चुलीचा धूर, डासांची कॉइल, धूप, उदबत्ती हे सगळं सशापासून लांब. डासांसाठी पिंजऱ्याला बारीक जाळी लावा.

तिसरी गोष्ट जखम. पाऊस संपला की सड्यावरचं गवत पिवळं पडतं आणि त्याला कुसळं येतात. चालताना कपड्यात घुसतात तीच. कुसळाचं टोक अणकुचीदार असतं आणि अंगावर मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते आत शिरतं पण मागे निघत नाही. असं एखादं तिसऱ्या पापणीमागे अडकलं की डोळा मिटला की ते कॉर्नियावर घासतं. वरून काहीच दिसत नाही. ससा तो एक डोळा अर्धवट मिटून बसतो, उजेड टाळतो, दात करकरतो. कुसळ काढलं नाही तर कॉर्नियाला व्रण, म्हणजे उघडी जखम, पडतो, निळसर-पांढरा डाग दिसू लागतो आणि तो खोल गेला तर डोळा फुटतोही. म्हणून कुसळं आलेलं गवत सशाला घालू नये, कुसळं यायच्या आत कापावं.

व्रण साध्या डोळ्यांनी नेहमी दिसत नाही. डॉक्टर फ्लुओरेसिनची पट्टी सलाइनमध्ये भिजवून डोळ्याला लावतात. जिथे वरचा थर निघालेला असतो तिथे हिरवा रंग धरतो. ही पट्टी माणसांच्या डोळ्यांच्या दवाखान्यातही वापरतात, स्वस्त आहे, काही मिनिटांचं काम आहे. हे केल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नयेत असं मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. आपल्या बाजारात अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब सर्रास मिळतात. घरात कोणाचे डोळे आले तेव्हा आणलेली बाटली अनेकदा तीच असते. बाटलीवर डेक्सामिथासोन, बीटामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं नाव असेल तर ती स्टेरॉइडची. व्रणावर स्टेरॉइड पडलं तर जखम भरणं थांबतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. लाली मात्र कमी होते, त्यामुळे आपल्याला वाटतं की बरं होतंय. ससे स्टेरॉइडला तसेही फार नाजूक असतात. मध, हळद, गुलाबपाणी, तूप यांतलंही काही डोळ्यात घालू नका. चिपड पुसायचं तर निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेली गॉज, दर वेळी नवी, दोन डोळ्यांना वेगवेगळी.

व्रण आणखी एका वाटेने येतो. कानात आत जंतुसंसर्ग झाला तर चेहऱ्याची नस बधिर होते, पापणी मिटत नाही, डोळा सुकतो. लोंबत्या कानांच्या सशांत कानाचं दुखणं जास्त, म्हणून त्यांच्यात हे लक्षात ठेवावं. मान वाकडी झालेल्या सशाचा खालच्या बाजूचा डोळा जमिनीला घासून दुखावतो. त्याच्याखाली मऊ कापड हवं आणि डॉक्टर देतील ते वंगणाचं मलम.

डोळ्याच्या आत, रंगीत भागावर, पांढरट किंवा पिवळसर गोळा दिसला तर तो पू आहे असं समजून थेंब घालत बसू नका. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा अतिसूक्ष्म परजीवी सशांत असतो. १९२२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं तेही सशांतच. तो मेंदू, मूत्रपिंड आणि डोळा गाठतो. मादी गाभण असताना पिल्लाच्या डोळ्यातल्या भिंगात शिरतो, तिथे निवांत पडून राहतो आणि ससा तरुण झाल्यावर कधीतरी भिंगाचं आवरण फाटतं. आतला ऐवज बाहेर पडला की डोळ्यात जोरदार दाह होतो, तोच हा पांढरा गोळा. बहुधा एकाच डोळ्यात. फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध यावर साधारण २८ दिवस देतात, सोबत दाह कमी करणारी औषधं. स्टेरॉइडचे थेंब इथे कधी लागतात, पण व्रण नाही याची खात्री करून आणि डॉक्टरांच्याच हाताने. एक विचित्र गोष्ट म्हणजे बाहुली मोठी करायला वापरतात ते ॲट्रोपीन अनेक सशांवर नीट चालत नाही, कारण ते मोडून टाकणारं एन्झाइम त्यांच्या शरीरातच असतं. हा परजीवी मुतातून पसरतो, म्हणून पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात कर्करोगाचे उपचार चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेलं माणूस असेल तर पिंजऱ्याची साफसफाई दुसऱ्याने करावी.

मोतीबिंदू सशांत जन्मतः, वयाने किंवा याच परजीवीमुळे होतो. काचबिंदू न्यूझीलंड व्हाइट जातीत आनुवंशिक आहे आणि आपल्याकडे पांढरे ससे बरेचसे याच जातीचे किंवा तिच्या संकराचे. काही महिन्यांच्या पिल्लाचा डोळा मोठा, निळसर होत गेला तर आतला दाब वाढतोय असं समजावं. अशा सशाची पैदास करू नये, कारण आईबाप वरून निरोगी दिसत असले तरी दोघांकडून दोष आलेला असतो. वडसासारखा एक प्रकारही सशात दिसतो. पापणीच्या आतली त्वचा कॉर्नियावर गोल पसरत जाते, पण त्याला चिकटत नाही. नुसती कापली तर पुन्हा येते, म्हणून शस्त्रक्रियेची खास पद्धत लागते. पिल्लांचे डोळे जन्मानंतर दहा-बारा दिवसांनी उघडतात. त्यानंतरही चिकटलेले राहिले आणि पापणी फुगली तर आत पू साठलाय, कोमट सलाइनने भिजवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. डोळ्यांभोवती, नाकावर, कानांच्या कडांवर राखाडी पापुद्रे आले तर ती खरूज, आणि तिच्यासाठी इंजेक्शन असतं. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल सशाला लावू नका, ते त्याला विषारी ठरतं.

किती घाई करायची, याचं उत्तर सशाच्या पोटात आहे. डोळा दुखला की तो खाणं थांबवतो, आणि खाणं थांबलं की आतडी थंडावतात. अर्ध्या दिवसाहून जास्त काळ त्याने काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर डोळ्यापेक्षा पोटाने जीव जायची भीती मोठी. अचानक मिटलेला, पांढरा झालेला, पुढे आलेला किंवा रक्ताळलेला डोळा त्याच दिवशी दाखवावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-म्हशी, शेळ्या आणि कुत्रे जास्त येतात, ससे कमी. त्यात डॉक्टरांचा दोष नाही. आपण नीट माहिती न्यावी: काय खातो, कधीपासून, एक डोळा की दोन्ही, कोणते थेंब घातले, लेंड्या कशा आहेत. बाटली सोबत न्यावी. तोंडाने देण्याची अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारखी औषधं आणि लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून जीवघेणा जुलाब लावतात, म्हणून दिलेलं औषध यांतलं आहे का हे विचारायला संकोच करू नये. दातांचा एक्स-रे किंवा शस्त्रक्रिया लागली तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घाटावर शिरवळचं आहे, गोवा-कोल्हापुरात लहान प्राण्यांचे दवाखाने आहेत. प्रवासात टोपलीत भरपूर गवत ठेवा, ऊन टाळा, पहाटेची गाडी धरा.

कधीकधी डोळा काढावा लागतो. डोळ्यामागच्या शिरांच्या जाळ्यामुळे ही शस्त्रक्रिया सशात रक्तस्रावाची, म्हणून सवयीच्या हातांनीच करावी. ऐकून धस्स होतं, पण सतत ठणकणारा निकामी डोळा ठेवण्यापेक्षा तो काढणं सशाला फार सुखाचं असतं. वेदना गेली की ससे लवकर खायला लागतात. एका डोळ्याचाच काय, पूर्ण आंधळा ससाही वास, मिशा आणि कानांवर घर ओळखून राहतो. त्याच्या खोलीतल्या वस्तू, पाण्याचं भांडं, गवताची जागा हलवू नका. हात लावायच्या आधी आवाज द्या, आणि ज्या बाजूने त्याला दिसतं त्या बाजूने जवळ जा.